अनुमोदक

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण कुणीतरी गोमटेश मगदूमला डोळ्यांसमोर ठेवूनच केली असावी. कारखान्याच्या चेअरमनांनी चहाचा कप पुढं सरकवत विचारलं, "मग आप्पांचं नाव धरू न्हवं?" आणि हा पठ्ठ्या "धरा की" म्हणून मोकळा झाला. कप अजून तोंडालाही लागला नव्हता.

त्या क्षणापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती.

नाव धरायचं होतं ते अनुमोदक म्हणून. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा रविवारी होती. सभेत ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि त्याला दुजोरा द्यायला एक अनुमोदक. एरवी या मानाला काडीची किंमत नाही. पुढच्या रांगेतला कुणीही सभासद उठतो, "माझं अनुमोदन आहे" म्हणतो आणि खाली बसून चहा कधी येतो ते बघतो. पण यंदाचा सातवा ठराव तसला नव्हता. कारखान्याची डिस्टिलरी दुप्पट मोठी करायची, उसाचा हंगाम संपला की ती मक्यावर चालवायची आणि बारा महिने इथेनॉल काढायचं. पैसा आता साखरेत राहिला नव्हता, इथेनॉलात होता. अडचण एवढीच होती, की ओढ्याकाठच्या गावांत पाण्यावरून कुरबुर चालू होती आणि सभेत कुणीतरी माईक धरणार अशी कुणकुण चेअरमनांना लागली होती. अशा वेळी त्याच ओढ्याकाठची एखादी पांढरी टोपी उठून उभी राहिली, की बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद होतात. आणि गोमटेशचे वडील, ओढेवाडीचे आप्पाण्णा मगदूम, यांच्यासारखी पांढरी टोपी निपाणी भागात शोधून सापडली नसती. दिवस मावळल्यावर जेवण नाही, कांदा-लसूण नाही, उभ्या जन्मात कुणाचा बांध कोरलेला नाही. ते "व्हय" म्हणाले की गाव "व्हय" म्हणतं.

गोमटेशला काय मिळणार होतं? इथेनॉल वाहायला त्याचे दोन टँकर लागणार होते. आजवर तो ट्रकनं ऊस ओढायचा. हंगाम चार-पाच महिन्यांचा, मग ट्रक दारात उभे. टँकरचं काम बारमाही. गोमटेश काही लोभी माणूस नव्हता, पण उभ्या ट्रकच्या टायरखालून गवत उगवलेलं ज्यानं बघितलंय त्यालाच बारमाही या शब्दाची गोडी कळेल.

आता एकच काम राहिलं होतं. आप्पांना सांगायचं. आणि तेच जमत नव्हतं, कारण सांगायला म्हणून तो परड्यात जायचा आणि विहिरीपाशी अडायचा.

त्या विहिरीचं पाणी त्याची आई, लक्ष्मीबाई, दुहेरी कापडातून गाळून घ्यायची. जैनाचं घर म्हटल्यावर पाणी गाळणं आलंच. पण खरी पाळणूक पुढं असते. गाळण्यात डोळ्यांना न दिसणारे जे जीव राहतात त्यांना जिवाणी म्हणतात. ती ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडायची असते, तीही वरून भिरकावून नाही, बादली पाण्याला टेकवून हळूच. लक्ष्मीबाई लग्न होऊन आली तेव्हापासून हे करत होती. यंदा श्रावणात पाऊस दणकून झाला आणि कारखान्यामागचं डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याचं तळं काठोकाठ भरून ओढ्यात उतरलं. ओढा दोन दिवस काळा वाहिला. त्याच्या मागोमाग विहिरीचं पाणी चहासारखं झालं आणि त्याला आंबूस वास यायला लागला. त्या सकाळी लक्ष्मीबाई गाळणं हातात घेऊन कठड्यापाशी उभी होती. "ह्यात सोडलं तर मरत्यात," ती म्हणाली, "आन् दुसऱ्या हिरीत सोडलं तरी मरत्यात. कुठं सोडू रं?" गोमटेशनं फोन आल्याचं सोंग केलं आणि तिथून सटकला. आता पाणी चुलत्यांच्या वरच्या विहिरीतून येत होतं आणि परड्यातल्या विहिरीला कुणी बादली लावत नव्हतं.

म्हणून त्यानं बेत केला, की हे घरात सांगायचंच नाही. गुरुवारी आप्पांना बेळगावला न्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, डॉक्टर एकदा बघणार होते. गाडीत माणूस कोंडलेला असतो, उठून जाऊ शकत नाही. बेळगावच्या अलीकडचं काकती येईपर्यंत सांगून मोकळं व्हायचं.

गुरुवारी सकाळी दोघं निघाले. जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चालू असल्यामुळं आप्पा एकवेळ जेवत होते, पण तजेला असा की गोमटेशलाच आपण उपाशी असल्यासारखं वाटावं. ऑपरेशन झाल्यापासून आप्पांना वाचायचं वेड लागलं होतं. दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची, मराठी असो की कन्नड. धाबे, खताची दुकानं, क्लासच्या जाहिराती, ट्रकच्या मागची शायरी, कशाला म्हणून सोडत नव्हते. स्तवनिधीच्या जैन क्षेत्रापाशी त्यांनी डोंगराकडं तोंड करून हात जोडले तेवढाच वेळ गाडीत शांतता होती. गोमटेशनं घसा खाकरला. "आप्पा, मी काय म्हणत होतो..."

"हॉटेल अन्नपूर्णा, शुद्ध शाकाहारी," आप्पांनी वाचलं. "बघ की, शुद्ध म्हणून लिवाय लागतंय आता."

संकेश्वरच्या अलीकडं तो पेट्रोल घ्यायला पंपावर थांबला. आप्पांनी काच खाली केली आणि मशीनवरची अक्षरं लावली. "ई... वीस. ई वीस म्हंजे काय रं?"

"काय न्हाय आप्पा. पेट्रोलचा नंबर असतोय."

पंपावरच्या माणसाला मात्र वेळ जात नव्हता. नळी टाकीत घालून तो खिडकीशी आला. "वीस टक्के इथेनॉल, आप्पा. उसाचं."

"आमच्या उसाचं?" आप्पांचा चेहरा खुलला. "म्हंजे आमचाच ऊस पळवाय लागलाय की गाडी!"

"व्हय तर. दारूच ती. बाटलीत घातली की गुन्हा, गाडीत घातली की देशसेवा." स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी गोमटेशकडं बघितलं. गोमटेशनं मीटरकडं बघितलं.

आता कुणी म्हणेल, साठ वर्षं शेती केलेल्या माणसाला इथेनॉल म्हणजे काय एवढं ठाऊक नव्हतं? नव्हतं. आप्पा रोज पेपर वाचायचे, त्यात इथेनॉल हा शब्द दिवसाआड यायचा, आणि ते त्याला एक प्रकारचं तेल समजायचे. कारखान्यात डिस्टिलरी आहे हे त्यांना माहीत होतं, पण तिथं दवाखान्याचं स्पिरिट होतं अशी त्यांची समजूत. ती समजूत कुणी मोडली नाही, कारण मोडून कुणाचंच भलं होणार नव्हतं. शब्द इंग्रजी असला की पाप लागत नाही, हा आपल्याकडचा जुना भरवसा. चेअरमनांच्या भाषणात इथेनॉल, मंत्र्यांच्या भाषणात हरित इंधन, आणि खरं नाव सांगायला लागला कोण, तर पंपावरचा माणूस.

आप्पांनी दार उघडलं आणि धोतराचा सोगा सावरत खाली उतरले.

"आप्पा, कुठं?"

"मी मुनी महाराजांच्या म्होरं नेम घेतलाय. मद्य, मांस, मध वर्ज्य. तू ये गाडीनं. मी येतो माझा."

"अवो, तुम्ही काय पिणार हाय व्हय ती? गाडी पितीया!"

आप्पा रस्त्याकडं चालायला लागले. गोमटेश पैसे देऊन धावत मागं गेला, तोवर ते स्टॉपवर पोचलेही होते. "एसटी कशावर चालती?" त्यांनी विचारलं.

"डिझेलवर."

"त्यात न्हाय न्हवं हे?"

इथं खोटं बोलायला हवं होतं हे गोमटेशला बस सुटल्यावर सुचलं. त्या वेळी तो भाबडेपणानं "न्हाय" म्हणून गेला. महामंडळाची लाल बस आली. कर्नाटकात बायकांना तिकीट नसल्यामुळं ती बायकांनी गच्च भरली होती. आप्पांची टोपी त्या गर्दीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

मग जो प्रवास झाला तो गोमटेश जन्मात विसरायचा नाही. चौपदरी रस्त्यावर चकचकीत गाडी, आत एकटा तो, आणि पुढं धूर सोडत चाललेली बस. तिला मागं टाकता येत नव्हतं, कारण बाप आत होता. मागच्या गाड्या हॉर्न मारून शिव्या देत पुढं जात होत्या. हत्तरगीला बस थांबली की हा थांबायचा. यमकनमर्डीला थांबली की हा थांबायचा, मान लांब करून आप्पा उतरले तर नाहीत ना हे बघायचा. तिथं त्याला मागच्या काचेतून टोपी दिसली. कुणीतरी बाईनं जागा दिली होती. आप्पा शेजारणीशी गप्पा मारत होते आणि तो इथं घामाघूम झाला होता.

मनातल्या मनात तो आप्पांशी भांडत होता. काय चुकलंय माझं? पूर्वी साखरेची पोती गोदामात सडायची, उसाचं बिल वर्ष-वर्ष लटकायचं, सभेत लोकांनी खुर्च्या फेकलेल्या. आता तेल कंपन्यांचे पैसे वेळेवर येतात, म्हणून पंधरवड्यात आपल्या खात्यावर पडतात. बाहेरच्या देशाला जाणारा पैसा आपल्या शिवारात येतोय. एवढं म्हणून झालं की दुसरं मन बोलायला लागायचं. पूर्वी एका टाकीत गाडी गोव्याला जाऊन यायची, आता परतताना आंबोलीतच काटा खाली येतो, हे तुझ्याच तोंडचं गाऱ्हाणं ना? मका पण आता टाकीत जाणार, मग कोंबडीवाल्या शेजाऱ्यानं खाद्य काय दरानं घ्यायचं? आणि एवढा ऊस पोसायला पाणी कुठनं यायचं, एक विहीर तर गेली? या दुसऱ्या मनाला त्यानं काच खाली करून बाहेर फेकलं असतं, पण तसली सोय गाडीत नव्हती.

बेळगावला डॉक्टरांनी डोळे बघितले, छान आहेत म्हणाले. दवाखान्याच्या आवारात एका झाडाखाली बाक होता. तिथं बसल्यावर गोमटेशनं एकदाचं तोंड उघडलं, कारण आता न सांगण्यात काही शिल्लकच नव्हतं.

"आप्पा, रविवारी सभेत तुमचं नाव पुकारतील. सातव्या ठरावाला. डिस्टिलरी वाढवायचा ठराव हाय. तुम्ही अनुमोदक."

आप्पांनी काळा चष्मा काढला. "काय म्हणालास? अनुमोदक?"

"व्हय. उभं राहायचं, अनुमोदन हाय म्हणायचं, बसायचं. चार शब्दांचं काम."

"कृत, कारित, अनुमोदन," आप्पा बोटांवर मोजत म्हणाले. "सोता केलं, दुसऱ्याकडनं करवलं, न्हायतर कुणी केल्यालं बघून बरं केलंस म्हटलं. पाप तिन्हीचं सारकंच. पाठशाळेत तुला शिकवलंतं की न्हाय?"

"आप्पा, त्ये शास्त्रातलं. ह्ये सहकार खात्यातलं."

"शब्द तोच हाय न्हवं?"

गोमटेशचं डोकं फिरलं. सकाळपासून बसच्या मागं फिरून फिरून तसंही ते तापलं होतंच. "तंबाखू पिकवली तवा कुठं गेलतं शास्त्र? आज्ज्यानं पिकवली, तुम्ही पिकवली. निपाणीची तंबाखू लोक काय पूजेला न्हेत हुते?"

"म्हणूनच सोडली." आप्पांचा आवाज वर गेला नाही. "सगळ्या भावकीनं खुळ्यात काढलं मला. म्हटलं, जाऊ दे, गोड पिकवतो. ल्हान पोरापास्नं देवापतूर समद्यांना चालतंय. गोडाचं बी ह्ये होतंय म्हणून कुणी सांगितलं न्हाय."

"ती कुणी पीत न्हाय, आप्पा! त्यात औषध घालत्यात, पिता येऊ नये म्हणून!"

"पितंय कोण, माणूस का मोटार, ह्येचं मला काय? आंबवाय टाकलं की त्यात किती जीव उपजत्यात आन् किती शिजून मरत्यात. आन् राहिल्यालं वड्यात येतंय. तुझ्या आईला इचार." ते चष्मा पुसत राहिले. "ऊस मीच घातला, म्हंजे कृत झालं. सभासद हाय मी, म्हंजे करवलंबी मीच. दोन तर आंधळेपणी पदरात पडली. तिसरं डोळं उघडल्यावर मागतोस व्हय?"

यावर गोमटेश नेमकं चुकीचं बोलला. "मी शब्द दिलाय. टँकर लागणार हायत आपले."

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. ऑपरेशन झालेल्या स्वच्छ डोळ्यांनी बापानं असं बघितलं की मुलाला कुठं लपावं कळत नाही. "बरं," ते म्हणाले. "नाव पुकारू देत. मी उठून सांगीन की, माझं अनुमोदन न्हाय म्हणून. सभा हाय ती. माईक असतोय."

आणि परत जायला ते बसस्टँडकडं निघाले.

रविवारपर्यंतचे दिवस गोमटेशनं कसे काढले ते त्यालाच माहीत. घरात बसवेना आणि बाहेर करमेना. इकडं आड, तिकडं विहीर, आणि विहीरही धड राहिलेली नाही, अशी त्याची गत झाली होती. चेअरमनांचा माणूस शामू याचा फोन आला. "आप्पांना पुढल्याच रांगेत बसवतो. टोपी धुतलेली असू दे, फोटोवाला येतोय." गोमटेश म्हणाला, "व्हय, व्हय." बाप नाही म्हणणार आहे हे आधी सांगितलं तर दुसरं नाव धरतील आणि टँकरही त्या दुसऱ्या नावाचे लागतील. नाही सांगितलं तर भर सभेत आप्पा माईक धरतील आणि टँकर कायमचे गेले. त्यानं शामूचा नंबर काढला, ठेवला, पुन्हा काढला. आप्पांना रविवारी घरातच गुंतवावं असाही विचार आला. पण बसला चढणाऱ्या माणसाला गुंतवायचं कसं?

शनिवारी दुपारी लक्ष्मीबाई वरच्या विहिरीवरून घागर घेऊन आली. त्यानं पुढं होऊन ती उतरवून घेतली. तिला सगळं कळलं होतं. आप्पा तिच्यापासून काही ठेवायचे नाहीत.

"टँकर पायजेत तुला?" तिनं विचारलं.

"पायजेत." आईशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मग घे की. तुझ्या तोंडानं माग. बापाच्या तोंडानं कशाला मागतोस?"

एवढं बोलून ती आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं गोमटेशला वाटलं. रागावलेल्या आईला समजावता येतं.

सभेला मांडव मोठा होता. आप्पा बसनं आले होते. शामूनं त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत नेलं. गोमटेशही सभासद होता, पण तो बसला नाही. कडेच्या खांबाला टेकून उभा राहिला. मांडवामागं सभासदांना वाटायची साखर रचून ठेवली होती आणि निम्म्या लोकांचं लक्ष तिकडंच होतं. सेक्रेटरी एकेक ठराव आधी कन्नडमध्ये वाचत होते, मग मराठीत. दोन्ही भाषांत ठराव संपायच्या आधीच मागून आरोळी उठायची, "मंजूर! मंजूर!" सभासदांची ही सवय जुनी. ठराव लवकर संपले की साखर लवकर मिळते. पाच ठराव असे गेले. सहावा गेला. ओढ्याकाठच्या गावांतली चारसहा माणसं एका कोपऱ्यात एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली होती.

"ठराव क्रमांक सात," सेक्रेटरी म्हणाले. वाचन झालं. सूचकाचं नाव झालं. "आणि याला अनुमोदन देत आहेत आपल्या सर्वांचे आदरणीय, ओढेवाडीचे श्री. आप्पाण्णा मगदूम."

आप्पा उठले. कोपऱ्यातली माणसं त्यांच्याकडं बघायला लागली. आप्पांनी आधी हात जोडले. पर्वाचे दिवस, चार लोकांत बोलायचं, ते कुणाला लागेल असं बोलायचं, तर आधी सगळ्यांची क्षमा मागायची, हे त्यांच्या हाडात होतं. हात जोडून त्यांनी चहूबाजूंनी मान लववली.

फोटोवाल्यानं फोटो काढला. टाळ्या पडल्या. मागून आरोळी आली, "मंजूर!"

"धन्यवाद, आप्पा. बसा," सेक्रेटरी म्हणाले. माईक व्यासपीठावरच होता. तो खाली आलाच नाही. आप्पांचे ओठ हलले. शेजारच्या दोघातिघांना काय ऐकू गेलं असेल तेवढंच. कोपऱ्यातल्या माणसांनी माना खाली घातल्या.

खोटं कशाला सांगायचं, गोमटेशला आनंदच झाला. ठराव झाला, टँकर लागले, आणि आप्पांनीही नाही म्हणायचं ते म्हणून घेतलं. साप मेला आणि काठीही मोडली नाही. तो चहाच्या टेबलाकडं वळला.

"ठराव क्रमांक आठ," सेक्रेटरींनी वाचायला घेतलं.

आप्पा उभेच होते. मागच्या माणसानं त्यांचा सदरा ओढला. "आप्पा, बसा की, दिसंना झालंय." ते बसले नाहीत. हात अजून जोडलेले, आणि मान इकडून तिकडं फिरत होती. ते माईक शोधत होते. सभा आहे म्हणजे माईक असतो, आणि माईक असतो म्हणजे तो आपल्यापर्यंत येईल, असं त्यांनी खरंच धरलं होतं. आठव्याला "मंजूर" झालं. नववा सुरू झाला. आप्पांचे पाय थरथरायला लागलेले गोमटेशला खांबापासून दिसले. ओठ अजून हलत होते, तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. एकभुक्त माणूस, उन्हातला मांडव, आणि आजूबाजूला हजार माणसं असून ऐकणारं कुणी नाही.

गोमटेशला लाज वाटली. चहाचा कप त्यानं होता तिथं ठेवला आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढला.

"आप्पांचं नाव काढा," तो सेक्रेटरींच्या कानाशी म्हणाला.

"काढा म्हंजे? ठराव झालाय."

"झाला तर होऊ दे. अनुमोदक म्हणून माझं नाव घाला. मीबी सभासद हाय. आप्पांनी दिल्यालं न्हाय अनुमोदन. मी देतो."

सेक्रेटरींनी चेअरमनांकडं बघितलं. चेअरमनांनी एकदा गोमटेशकडं, एकदा पुढच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली. त्यांचं काय जात होतं? ठराव झाला होता, फोटो निघाला होता.

"माईकवर सांगा," गोमटेश म्हणाला. "आप्पांना ऐकू गेलं पायजे."

नववा ठराव अर्धा सोडून सेक्रेटरी माईकपाशी आले. मधेच काय निघालं ते लोकांना कळेना.

"एक दुरुस्ती आहे. ठराव क्रमांक सात. अनुमोदक, श्री. गोमटेश आप्पाण्णा मगदूम."

गोमटेशनं डोळे मिटले. मांडवाच्या दोन टोकांना दोन कर्णे होते. दूरच्या कर्ण्यातून तेच नाव थोडं मागाहून आलं, पहिलं पुसट, शेवटचं स्पष्ट. आप्पाण्णा मगदूम. मागून सवयीनं आरोळी उठली, "मंजूर!"

आप्पांनी जोडलेले हात सोडले आणि ते खाली बसले.

गोमटेश पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी आला. आप्पांनी मान वर केली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. टोमणा होता, की कौतुक होतं, हे त्याला आजही सांगता यायचं नाही.

"बापाचं नाव काढलंस, पोरा," आप्पा म्हणाले.